साळवीसर आणि तेलाचा पिक्चर

आमच्या धंद्यात माणूस आवाजावरून ओळखला जातो. साळवीसरांचा आवाज मात्र फारसा कुणी ऐकलेला नव्हता, कारण ते बोलत नसत, लिहीत. परदेशी पिक्चरांचे डबिंगचे संवाद लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. टीव्हीवर एखादा गोरा पोलीस चोरावर पिस्तूल रोखून "बोलव तुझ्या बापाला" असं म्हणताना तुम्ही ऐकला असेल, तर ते वाक्य साळवीसरांचं असण्याची दाट शक्यता आहे. आणि त्याच पिक्चरमध्ये मागे एखादी नर्स "डॉक्टर, पेशंट शुद्धीवर आलाय" म्हणाली असेल, तर ती मी. नर्सा, रिसेप्शनिस्ट आणि फोन उचलून "साहेब मीटिंगमध्ये आहेत" सांगणाऱ्या बायका, यांच्यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही.

आम्ही मीरा रोडला, सिल्व्हर पार्कला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, ते माझ्या वरच्या मजल्यावर. स्टुडिओ भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या पुढे एका इंडस्ट्रियल गाळ्यात. शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचं मशीन होतं. ते चालू असलं की आमचं रेकॉर्डिंग बंद. मारामारीचे सीन कसेही उरकायचे, पण हळवे सीन आम्ही शेजाऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीत करायचो. त्यामुळे आम्ही आयुष्यात जेवढं रडलो तेवढं सगळं उपाशीपोटी.

सरांची काम करायची एक पद्धत होती. पिक्चर आला की पहिल्यांदा ते आवाज बंद करून पाहत. पूर्ण. नुसती तोंडं. माणसाचे ओठ कुठे मिटतात, किती वेळ मिटलेले राहतात, कुठे ओठांचा चंबू होतो. मग त्या जागी प, ब, म असलं ओठ मिटणारं अक्षर पडेल असं मराठी वाक्य रचायचं. याला आमच्यात 'लिप बसवणं' म्हणतात. "अर्थ नंतर बघू," ते मला म्हणाले होते, "आधी माणूस तोंड कधी मिटतो ते बघ. प्रेक्षक डोळ्यानं ऐकतो, वैशाली."

शर्टाच्या खिशात त्यांच्याकडे एक छोटा गोल आरसा असायचा. लिहिलेलं वाक्य आरशात बघून म्हणायचं आणि स्वतःचे ओठ तपासायचे, ही सवय. जागा-वेळ काही नाही. एकदा बेव्हर्ली पार्कच्या स्टॉपवर बसची वाट बघताना ते असंच "माफ कर, बबन, माझ्यामुळे..." घोकत होते. शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारा आरशात बघून आपल्यालाच मुके देतोय. तिने नवऱ्याला फोन करून बोलावलं. तो तावातावाने आला. सरांनी त्याला न घाबरता ओठ मिटणाऱ्या अक्षरांचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं, मध्ये दोनदा आरसा त्याच्या तोंडासमोर धरला आणि "तुम्ही म्हणून बघा, महाराज," असंही म्हणाले. तो माणूस बायकोला घेऊन मागच्या मागे निघून गेला. सर ज्याच्यावर चिडत त्याला महाराज म्हणत. कौतुक करायचं असेल तर "चालेल" म्हणत. त्याच्यावर त्यांच्याकडे शब्द नव्हता.

हे सगळं सांगतेय ते तेलाच्या पिक्चरमुळे. 'तेलाचा पिक्चर' हे नाव आमच्या जिग्नेशभाईंनी, म्हणजे स्टुडिओच्या मालकांनी ठेवलं होतं. खरं नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं. जगातल्या तेलाच्या धंद्यावरचा, राजकारणाने भरलेला तो परदेशी पिक्चर होता. एका छोट्या देशातला मंत्री रातोरात पडतो. तिथली तेलाची विहीर कुणाला तरी मिळते. दुसऱ्या देशात हॉटेलात बसलेला एक दलाल जमिनीतून न निघालेलं तेल विकून मोकळा होतो. एक तेलवाहू बोट एका नावाने निघते आणि दुसऱ्याच नावाने पोचते. आणि एक चौकशी करणारी बाई देशोदेशी फिरून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, हे तेल कुणाचं? प्रत्येक जण तिला खुर्ची देतो, कॉफी देतो, आणि हे आमच्याकडे येत नाही म्हणून सांगतो.

त्या बाईचं काम सरांनी भांडून मला मिळवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी फोन उचलणारी नव्हते, फोन करणारी होते.

"सर, पब्लिकला समजायला पाहिजे," जिग्नेशभाई म्हणाले. "ये बहुत घुमाता है. थोडा इझी करो ना."

"अहो महाराज, गुंता हाच तर पिक्चर आहे," सर म्हणाले. "सोपा केला तर उरेल काय? नुसती कॉफी."

एका रविवारी सरांनी मला आणि साळवीकाकूंना डायनिंग टेबलावर वाट्या मांडून कथानक समजावलं होतं. ही वाटी मंत्री, हा डबा बँक, हे झाकण म्हणजे खोटी कंपनी. काकू कोलंबी सोलता सोलता ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आणि यात तेल कुठंय?"

"तेल पिक्चरमध्ये दिसतच नाही."

"मग तेलाचा पिक्चर कशाला म्हणायचं? ती वाटी द्या इकडे, मला हवीय."

तेवढ्यात मंदारचा फोन आला. मंदार त्यांचा एकुलता एक मुलगा, तेलाच्या बोटीवर डेकवरच्या कामाला होता. रत्नागिरीकडची साळवी मंडळी, समुद्र काही त्यांना नवा नव्हता, पण परदेशी बोटीवर चढणारा घरातला तोच पहिला. सर त्याच्याकडून बोटीवरचे शब्द विचारून घेत. "पप्पा, 'नांगर टाका' असं कुणी नाय बोलत हो," तो हसत सांगायचा. "आम्ही सरळ 'अँकर टाक' बोलतो. तुम्ही ते शिवाजी महाराजांच्या काळातलं लिहू नका."

त्या दिवशी सरांनी त्याला विचारलं, "मला एक सांग, बोटीचं नाव असं मध्येच बदलतात? लग्न झालं काय तिचं? पिक्चरवाले काहीही दाखवतात."

मंदार म्हणाला, "पप्पा, आमच्याच बोटीचं जुनं नाव अजून रंगाच्या खालून दिसतं."

सर हसले. मीही हसले.

पिक्चर अर्धाअधिक लिहून झाला आणि मंदारची बोट अडकली. कुठल्याशा देशाच्या किनाऱ्याजवळ तिथल्या सरकारी लोकांनी ती थांबवली. बोटीतलं तेल ज्या देशाचं म्हणून कागदावर होतं त्या देशाचं नाही, असा संशय. तेल कुणाचं आणि बोट कुणाची हे ठरेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. पोरांचे पासपोर्ट काढून घेतले. इथल्या ज्या एजंटने मंदारला लावलं होतं, त्याच्या ऑफिसला कुलूप. कंपनीचा फोन आधी वाजायचा, मग तोही वाजेना.

"झेंडा एका देशाचा, कंपनी दुसऱ्या देशाची, विमा तिसऱ्याचा," सर म्हणाले. "आणि पोरं आपली."

मग त्या माणसाने जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्यांनी तो पिक्चर पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतला. त्या बाईला मालक शोधायचा होता, त्यांनाही मालकच शोधायचा होता. ती पहिल्या ऑफिसात काय विचारते, दुसऱ्यात काय विचारते, हे त्यांनी ऐकून घेतलं आणि तिच्याच इंग्रजी वाक्यांनी कंपन्यांना मेल पाठवले. मला सारखे विचारत, "ती बँकवाल्याला धमकी देते तेव्हा आधी बसते की उभी राहते?" मी म्हणायची, "सर, मेलमध्ये कुठे बसलेलं दिसतंय?" कंपन्यांची उत्तरं येत, नाही असं नाही. आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. ही वाक्यं त्यांनी महिन्याभरापूर्वीच मराठीत करून, लिप बसवून ठेवली होती. "वैशाली," एकदा मेल दाखवून म्हणाले, "पिक्चरवाल्यांनी कमीच दाखवलंय गं."

त्या काळात बोटीवरून अधूनमधून व्हिडिओ येत. कुणा एका खलाशाकडे फोन लपवलेला होता. त्याच्या माइकमध्ये खारं पाणी गेलेलं, त्यामुळे आवाज नाहीच, नुसती खरखर. मंदार कॅमेऱ्यासमोर येऊन बोलायचा आणि ऐकू काहीच यायचं नाही. काकू फोन कानाला लावायच्या, डोळ्यांपुढे धरायच्या, पुन्हा कानाला लावायच्या. "काय बोलतोय तो? अहो, काय बोलतोय?"

एकदा मी त्यांच्याकडे होते तेव्हा असा व्हिडिओ आला. सरांनी फोन टेबलावर उभा केला, एकदा पूर्ण पाहिला. मग पुन्हा पहिल्यापासून लावला आणि मंदारचे ओठ हलले त्याच क्षणी ते बोलू लागले. "आई, मी बरा आहे. पोटभर जेवतो. माझी काळजी करू नको. पापड मात्र मिळत नाहीत बघ." प्रत्येक ओठ बरोबर बसत होता. मंदारचं तोंड मिटलं की सरांचा प पडत होता. मी इतकी वर्षं त्यांचं लिहिलेलं बोलत आलेय, पण ते स्वतः इतकं सुंदर करतात हे मला माहीत नव्हतं. काकूंच्या चेहऱ्यावर इतका उजेड पडला की मी माझा उठायचा बेत विसरले.

"किती वाळलाय," काकू म्हणाल्या. "आणि दाढी कशाला ती?"

"बोटीवर सगळ्यांनी ठेवलीय. फॅशन," सर म्हणाले.

"पापड करून ठेवते. आला की नेईल."

मला एवढंच खटकलं की मंदार इतकं नीट कधी बोलायचा नाही. हे लिहिल्यासारखं होतं. पण बापच तो, त्याला पोराच्या ओठांवरून कळत असेल, असं म्हणून मी घरी आले.

मग क्राउडचा दिवस आला. पिक्चरमध्ये बोटीवरची माणसं एकाच शॉटमध्ये दिसतात. ती बाई किनाऱ्यावरून दुर्बिणीने बघते आणि लांब डेकवर काही खलाशी हात हलवून काहीतरी ओरडत असतात. त्यांना संवाद नाहीत. मूळ संहितेत नुसतं 'गलका' असं लिहिलंय. अशा वेळी आम्ही सगळे एका माइकभोवती उभे राहतो आणि "अरे अरे", "काय झालं", "चला चला" असं तोंडाला येईल ते बोलतो. पाच मिनिटांचं काम.

सर त्या दिवशी प्रत्येकासाठी वाक्य लिहून घेऊन आले होते. माझ्या हातात आलेल्या चिटोऱ्यावर होतं, 'पाणी तपकिरी येतंय.' दुसऱ्याकडे, 'एसीचं पाणी बादलीत धरून पितो आम्ही.' तिसऱ्याकडे, 'जॉर्जकाका तापाने पडलाय, औषध नाही.' चौथ्याकडे, 'कुणीतरी घरी फोन लावा.'

जिग्नेशभाई काचेपलीकडून म्हणाले, "सर, सुनाईच नहीं देगा ये. ऊपर फुल म्युझिक है."

"नाही आलं ऐकू तर नाही," सर म्हणाले. "पण त्यांनी ते म्हटलेलं असलं पाहिजे."

तेवढ्यात शेजारचं पॉलिशचं मशीन सुरू झालं. सर चप्पल न घालता बाहेर गेले. मी दारातून पाहिलं. आयुष्यात कुणाकडे मागून चहा न पिणारा हा माणूस त्या कामगारांपुढे हात जोडून उभा होता. त्यांनी मशीन बंद केलं. एक आर्टिस्ट नेहमीच्या सवयीने "अरे चला चला" बोलून गेला, तर सरांनी त्याला पुन्हा करायला लावलं. पुन्हा, आणि पुन्हा. लिपचा प्रश्नच नव्हता, तोंडं दिसतही नव्हती इतकी लांब होती. तो पोरगा शेवटी "कुणीतरी घरी फोन लावा" असं ओरडला तेव्हा त्याचाच आवाज फाटला. सर म्हणाले, "चालेल."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. जॉर्जकाका हे नाव पिक्चरमध्ये कुठेच नव्हतं. ते मंदारच्या बोटीवरच्या माणसाचं होतं, मंदारच्या फोनवरच्या बोलण्यात नेहमी यायचं. ही वाक्यं मंदारची होती. आणि सर घरी डायनिंग टेबलाशी बसून पापड बोलत होते.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "सर, काकूंना हे माहीत नाही?"

"नाही. आणि कळणार नाही."

"असं कसं, सर? आई आहे ती."

"म्हणूनच," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तो दर वेळी शेवटी काय म्हणतो माहितीय? आईला सांगू नका. आता मी त्याचं ऐकू की तुझं?" खरं तर मला त्यांचा राग आला होता, आणि ते माझे कुणी लागत असते तर मी त्यांना जवळ घेऊन रडले असते.

बोटीवर मीरा रोडचाच आणखी एक जण होता, सेकंड इंजिनिअर. त्याची बायको शबानाभाभी नया नगरला राहायची; व्हिडिओतलं खरं काय ते सरांनी तिला सांगितलेलं होतं. तिने आणि इतर घरांनी मिळून खटपट केली आणि मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयात मोठ्या साहेबांची भेट ठरली. साहेबांच्या मनात आलं तर त्या देशाशी बोलणं होणार होतं आणि निदान आजारी माणसं तरी उतरवली जाणार होती. कार्यालयाने सांगितलं, खलाशांच्या आयाही येऊ द्यात, त्याने फरक पडतो. सर म्हणाले, काकूंचे गुडघे दुखतात. पण काकू नवी साडी नेसून दारात तयार होत्या. माझ्या पोरासाठी जायचं नाही तर कुणासाठी, म्हणाल्या. सोबतीला मला घेतलं. आम्ही शबानाभाभीच्या भावाच्या गाडीतून गेलो.

साहेब सभ्य होते. आमच्यासाठी त्यांनी पाणी मागवलं. सगळ्यांत वयस्कर म्हणून काकूंकडेच पहिल्यांदा वळले. "बोला आई, मुलाचा काही निरोप?"

काकूंनी पदर सावरला. "येतो ना. व्हिडिओ पाठवतो. बरा आहे म्हणतो. पोटभर जेवतो. खोटं कशाला बोलू साहेब, खाण्यापिण्याची काही तक्रार नाही त्याची. फक्त घरी सोडा म्हणावं त्यांना. पापड करून ठेवलेत मी."

"आंटी!" शबानाभाभी उठूनच उभी राहिली. "ये क्या बोल रही हो आप? पीने का पानी नहीं है उनके पास!"

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी शबानाभाभीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "एकाच बोटीबद्दल बोलताय ना तुम्ही?"

काकू सरांकडे बघत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं. सर उठले. फोन काढला आणि तोच व्हिडिओ साहेबांच्या टेबलावर, पाण्याच्या ग्लासाला टेकवून लावला. मंदारचे ओठ हलले आणि सर बोलू लागले. "पप्पा, पाणी तपकिरी येतंय. एसीचं पाणी बादलीत धरून पितो आम्ही. भात संपत आला. जॉर्जकाका तापाने पडलाय, औषध नाही. मला रात्री फार भीती वाटते, पप्पा. आईला सांगू नका." या वेळी त्यांचा आवाज मंदारसारखा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. ओठ मात्र सगळे बसत होते. काकू एकदा फोनकडे बघत होत्या, एकदा सरांच्या तोंडाकडे.

साहेबांनी सरांकडे पाहिलं. "आपण काय करता?"

"डबिंगचे संवाद लिहितो."

"म्हणजे आधी आईंना जे सांगितलंत तेही याच व्हिडिओवर बसलं होतं?"

"हो."

"मग यातलं मी कुठलं लिहून घेऊ?" साहेब म्हणाले. त्यांनी ते टोचून म्हटलं नाही. ते खरंच विचारत होते, आणि तेच जास्त वाईट होतं. शबानाभाभीने मग खूप सांगितलं, रडली, हात जोडले, पण साहेबांच्या डोळ्यांतली ती शंका काही गेली नाही. पडताळणी करून कळवतो, म्हणाले. सर मान खाली घालून उभे होते. त्यांनी हा 'कळवतो' किती पिक्चरांत किती साहेबांच्या तोंडी घातला असेल.

परतीच्या वाटेवर दहिसरचा नाका आला. तिथे काकूंनी विचारलं, "औषध नाही तर तापाला करतात काय?"

"ओल्या फडक्याने पुसतात."

"खरं?"

"खरं."

त्या दिवसापासून काकूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं असं नाही. भांडल्याही नाहीत. फक्त सर काहीही म्हणाले की त्या विचारायच्या, खरं? दूध आलंय. खरं? गॅस बंद केलाय. खरं? मी एकदा म्हटलं, "काकू, पुरे आता, त्यांना किती लागतं बघा." काकू म्हणाल्या, "लागू दे. मला त्याच्या तोंडचं एक वाक्य हवं होतं गं. यांनी मला यांचंच दिलं." त्यांचंही काही चुकत नव्हतं. त्या घरात कुणाचंच चुकत नव्हतं आणि कुणालाच श्वास घेता येत नव्हता.

कार्यालयातून काही कळवलं गेलं नाही. सरांनी पिक्चरचं राहिलेलं काम पुरं केलं, एकही ओळ सैल ठेवली नाही, आणि जिग्नेशभाईंना सांगितलं की यापुढे काम देऊ नका. मग ते त्या देशात जायच्या तयारीला लागले. जगातल्या सगळ्या शहरांतल्या माणसांना ज्यांनी मराठी बोलायला लावलं, ते साळवीसर त्याआधी विमानात बसले नव्हते. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं, भाषा येत नव्हती, बंदरात आत सोडतील याची काहीही खात्री नव्हती. मी म्हटलं, "सर, तिथे जाऊन करणार काय?" ते म्हणाले, "समोर उभा राहीन. मेल बंद करता येतो, माणूस किती वेळ बंद करतील?"

मला वाटतं, सरांनी आयुष्यात स्वतःसाठी लिहिलेला हा एकच संवाद. पण तो खरा ठरलेला नाही. माणूसही बंद करता येतो. ते तिथे एका मल्याळी चहावाल्याच्या मागच्या खोलीत राहतात आणि रोज बंदराच्या फाटकाशी जाऊन बसतात. फाटकावरचा शिपाई आता त्यांना सलाम करतो, पण आत सोडत नाही. खडकावर चढलं की बोट दिसते, म्हणे, पण माणूस ओळखू येत नाही. मध्ये तो जॉर्जकाका गेला. त्याला तेवढं खाली उतरवलं. बाकीची पोरं अजून बोटीवरच आहेत, मंदारही. तेलाचा पिक्चर इकडे लागला. मी सगळा पाहिला. त्या शॉटला जिग्नेशभाई म्हणाले होते तसंच झालंय, संगीताशिवाय काही ऐकू येत नाही. मी कानाला इयरफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून तीनदा ऐकलं.

सर निघाले ती सकाळ मला अजून दिसते. बिल्डिंगच्या गेटशी टॅक्सी उभी होती. एक बॅग आणि काकूंनी दिलेली एक पिशवी, एवढंच सामान. वॉचमनने बॅग डिकीत ठेवली. सर मागच्या सीटवर बसले आणि काच खाली केली. काकू खिडकीशी वाकल्या.

"भेटला तर त्याला माझा निरोप सांगा," काकू म्हणाल्या. "सांगा, आईला सगळं कळलंय. आता तिच्यापासून काही लपवू नको. ये असं आई म्हणत नाही, ते तुझ्या हातात नाही. पण जिवंत राहा. म्हणा बघू."

सर समोर बघत म्हणाले, "आईला सगळं कळलंय. तिच्यापासून काही लपवू नको. ये असं आई म्हणत नाही, ते तुझ्या हातात नाही. पण... धीर धर, सगळं ठीक होईल."

"ते मी म्हटलेलं नाही."

सरांचे ओठ हलले. आवाज आला नाही. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं आणि गाडी सुरू करायला घेतलेला हात मागे घेतला.

"म्हणा," काकू म्हणाल्या. त्यांनी खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"जिवंत राहा," सर म्हणाले.

"एवढंच सांगा," काकू म्हणाल्या. "त्यात काही घालू नका."